जीवशास्त्र संशोधन प्रयोगशाळेतील प्रवेश

जीवशास्त्र संशोधन प्रयोगशाळेतील प्रवेश म्हणजे विद्यापीठातील अथवा संशोधन संस्थेतील एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधनगटात प्रकल्प विद्यार्थी, पीएच.डी. संशोधक किंवा पीएच.डी.नंतरचा (पोस्टडॉक्टरल) संशोधक म्हणून सामील होण्याची प्रक्रिया होय. येथे 'प्रयोगशाळा' या शब्दाने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करणारा गटही अभिप्रेत असतो. परिस्थितीकी व वन्यजीवशास्त्रात या गटाचे बरेचसे काम प्रत्यक्ष क्षेत्रात चालते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके अशा क्षेत्रीय अभ्यासासाठी परिचित आहेत.

प्रवेशाचे टप्पे

संशोधनाची पहिली ओळख बहुधा एम.एस्सी.च्या प्रकल्पातून होते. जुन्नर येथील श्री शिवछत्रपती महाविद्यालय व मंचर येथील अण्णासाहेब आवटे महाविद्यालय ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के किंवा चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण आवश्यक असतात. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत मिळते. निवड नेट अथवा प्रवेश परीक्षा व मुलाखत यांद्वारे होते. अभ्यासक्रमाचा किमान कालावधी तीन वर्षे, तर मुदतवाढ वगळता कमाल कालावधी सहा वर्षे आहे.

एका वेळी प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे परीक्षा उत्तीर्ण होऊनही संबंधित विषयाच्या मार्गदर्शकाकडे जागा रिक्त नसल्यास प्रवेश मिळत नाही. पोस्टडॉक्टरल संशोधक मात्र बहुधा मार्गदर्शकाशी थेट पत्रव्यवहार करून आपल्या कामाचा आराखडा मांडतात.

पाठ्यवृत्ती

१ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती (जेआरएफ) दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठ पाठ्यवृत्ती ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा असतो. संशोधन सहयोगींना श्रेणीनुसार ५८,००० ते ६७,००० रुपये मिळतात. नेटद्वारे मिळालेली जेआरएफ व्यक्तीच्या नावे असते, तर प्रकल्पातील पद त्या प्रकल्पाच्या निधीबरोबर संपते. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय पाठ्यवृत्ती आहे. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागातील महादेव कोळी समाजाच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती महत्त्वाची ठरते.

जुन्नर व आंबेगावमधील क्षेत्रीय संशोधन

भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य (स्थापना १९८५) आंबेगाव तालुक्यात व त्यालगत पसरलेले आहे. राज्यप्राणी शेकरू हे त्याचे वैशिष्ट्य होय. रेनी बोर्जेस यांनी भीमाशंकर व कर्नाटकातील मागोड येथील जंगलांत शेकरूच्या आहाराचा अभ्यास केला. पुढे त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. अभयारण्यातील संशोधनास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती मिळण्यास लागणारा वेळ कामाच्या वेळापत्रकात धरावा लागतो.

जुन्नर वनविभागात ऊसशेतीमुळे बिबट्यांना गावांजवळ आडोसा मिळतो. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'कॉन्झर्वेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तेथे १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. शेतीपट्ट्यातील बिबटे पकडून जवळच्या जंगलांत सोडण्याचे प्रमाण वाढल्यानंतर ही सरासरी सतरावर गेली. बिबटे हलविल्याने संघर्ष कमी होण्याऐवजी वाढू शकतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बिबट्या-मानव संघर्षाविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत अशा स्थलांतरास परावृत्त केले. पकडलेल्या व जखमी बिबट्यांची देखभाल जुन्नर तालुक्यातील माणिकडोह निवारा केंद्रात केली जाते.

या उदाहरणातून क्षेत्रीय संशोधनाचे स्वरूप स्पष्ट होते. हल्ल्यांच्या नोंदी, वनखात्याची कागदपत्रे व गावकऱ्यांची माहिती यांची सांगड घालणे हे त्यातील मुख्य काम असते. त्यामुळे अशा संशोधनगटात येणाऱ्या विद्यार्थ्यास संख्याशास्त्राबरोबरच स्थानिक भाषेचे ज्ञान, दीर्घकाळ क्षेत्रात राहण्याची तयारी आणि शेतकऱ्यांचा विश्वास संपादन करण्याची क्षमता आवश्यक ठरते.