कडीखालचं बोट

दिवाळीच्या आठवड्यात मुकुटबनच्या किराणा दुकानांत रसगुल्ला आणि गुलाबजामूनचे टिन दर्शनी भागात येऊन बसतात. गाव झरी-जामणी तालुक्यातलं, यवतमाळ जिल्ह्याच्या पार टोकाला, पलीकडे तेलंगण. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्याचं स्टेशन आहे. आजूबाजूला कोळसा आणि चुनखडी, आणि २०२२ पासून बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना. कारखाना आला की बाहेरगावचे कामगार येतात, ट्रक येतात, आणि त्यांच्या मागोमाग थंड पेयांचे कॅनही येतात. त्यामुळे कडी लावलेलं झाकण आता इथे नवलाचं राहिलेलं नाही. नवल आहे ते कडी उचलण्याच्या तऱ्हांचं. कुणी चमच्याचा दांडा घालतं, कुणी पेचकस, कुणी कुलपाची किल्ली, कुणी सराट्याचं टोक. काही बहाद्दर दात लावतात. हत्याराशिवाय उघडता यावा म्हणून ज्या डब्याला कडी लावली, त्याच्यासाठी घरातली निम्मी हत्यारं बाहेर निघतात.

या अडचणीवर उपाय म्हणून एक हत्यार निघालेलं आहे. तळहाताएवढा, प्लॅस्टिकचा किंवा स्टीलचा दांडा. पुढे बारीक आकडा, आकड्याच्या मागे पोटाला फुगवटा. आकडा कडीत अडकवायचा, फुगवटा डब्याच्या काठावर टेकवायचा आणि दांडा खाली दाबायचा. एवढंच. परदेशात ते मुख्यतः म्हाताऱ्या माणसांसाठी विकलं जातं. आपल्याकडे ‘असल्या फालतू गोष्टी कोण घेतं’ म्हणून त्याकडे बघितलंही जात नाही. ते फालतू का नाही, हे समजायला आधी डब्याची गोष्ट बघावी लागते आणि मग हाताची.

डब्याची गोष्ट थोडक्यात आटपते. १८१० मध्ये लंडनच्या पीटर ड्युरँडनं पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचं पेटंट घेतलं. १८१३ पासून ब्रायन डाँकिनचा कारखाना ब्रिटिश आरमाराला डबे पुरवू लागला. ते डबे जाड लोखंडी असत आणि छिन्नी-हातोडीनं फोडावे लागत. तशी सूचनाच डब्यावर असे. डबे उघडण्याचं खास हत्यार त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं. अमेरिकेत एझ्रा वॉर्नरचं पेटंट १८५८ चं, आणि चाक फिरवून पत्रा कापणारं विल्यम लायमनचं १८७० चं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या खिशात बोटापेक्षाही आखूड, दुमडणारा ‘पी-३८’ ओपनर असे. आपल्या आईच्या पिढीनं कंडेन्स्ड मिल्कच्या टिनला ज्या हत्यारानं ठिकठिकाणी भोकं पाडली, तेही याच घराण्यातलं.

मग ओहायोतल्या डेटनचा अर्मल फ्रेझ येतो. १९५९ मध्ये सहलीला गेला, बिअरचे डबे होते, ओपनर घरी राहिलं, आणि मोटारीच्या बंपरवर डबे फोडावे लागले, अशी त्याची गोष्ट सांगतात. गोष्टीला थोडा मीठमसाला लागलेला असेलही, पण पुढचं खरं आहे. फ्रेझचा पत्रा-कामाचा स्वतःचा कारखाना होता. त्यानं उघडायचं हत्यार डब्यालाच जोडून टाकलं, आणि १९६२ मध्ये पिट्सबर्गच्या एका बिअरवर ते बाजारात आलं. तेव्हा कडी सुटून हातात यायची, लोक ती कुठेही फेकायचे आणि अनवाणी पाय कापायचे. १९७५ मध्ये रेनॉल्ड्स कंपनीच्या डॅनियल कुडझिकनं डब्याला चिकटूनच राहणारी कडी काढली. पेयाच्या कॅनवर आज तीच दिसते. तसे कॅन आता महाराष्ट्रात, तळोज्याला आणि छत्रपती संभाजीनगरला, बनतात.

रसगुल्ल्याच्या टिनची कडी मात्र निराळी, आणि खरी मारामारी तिच्याशीच आहे. पेयाच्या कॅनवर झाकणाचा छोटा तुकडा आत दाबला जातो. अन्नाच्या टिनवर अख्खं झाकण फाडून काढायचं असतं. झाकणाच्या कडेनं एक गोल खाच कोरलेली असते. तिथे पत्रा कागदाच्या जाडीच्या आसपास उरतो. कडी एका टेंगळानं झाकणाला जोडलेली असते. हे टेंगूळ झाकणाच्याच पत्र्यातून उठवलेलं असतं, म्हणजे त्यासाठी कुठे भोक पाडावं लागत नाही. कडीचं मागचं टोक उचललं की पुढचं नाक खाचेवर दाबतं आणि ‘टक्’ आवाज होऊन पत्रा फुटतो. हा पहिला टप्पा. त्यानंतर कडी धरून झाकण ओढत न्यायचं, हा दुसरा.

मग कंपन्या खाच आणखी खोल का करत नाहीत? कारण अन्नाचे बहुतेक डबे सील झाल्यावर दाबाखाली तापवले जातात, सर्वसाधारणपणे १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास. आत वाफेचा जोर, बाहेर यंत्राचा दाब. पुढे ट्रकचा प्रवास, गोदामातली थप्पी. इतकं सोसून जी खाच फुटायला नको, ती माणसाच्या बोटानं मात्र फुटायला हवी. या दोहोंच्या मधली जागा अरुंद आहे, आणि ती ठरवताना कारखान्यानं एक हात गृहीत धरलेला असतो. नख शाबूत, बोटांची टोकं मऊ पण मजबूत, अंगठा आणि तर्जनीची चिमट घट्ट.

मुकुटबनच्या शिवारातले हात आता बघा.

दिवाळीच्या सुमारास इथे कापूस फुटलेला असतो. सीतादहीचा विधी करून पहिली वेचणी सुरू होते आणि मग ती दोन-तीन महिने चालते. वेचणी प्रामुख्यानं बायांची. बोंड पिकलं की त्याच्या पाकळ्या वाळून कडक होतात आणि त्यांची टोकं सुईसारखी होतात. सरकीसकट कापूस उपटताना ती टोकं नखाच्या मुळाशी लागतात. दिवसभर, रोज. हंगामाच्या मध्यावर वेचणाऱ्या बाईची नखं झिजलेली, कडा सोललेल्या, बोटांना भेगा. ही बोटं फाटलेली असली तरी दुबळी नसतात. तीच बाई अर्ध्या क्विंटलचं गाठोडं उचलून गाडीत टाकेल. पण कडीखाली घालायला जे नख लागतं ते तिच्याकडे नसतं, आणि झिजलेल्या टोकावर पत्र्याची पातळ धार आली की कळ थेट कोपरापर्यंत जाते. ताकद असून उपयोग नाही, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण ‘ओपनर कुणाला लागतं, म्हाताऱ्यांना’ म्हणून मोकळे होतो. इथे ते तिशीतल्या मजूर बाईला लागतं.

दुसरे हात आणखी जुने आहेत. विदर्भाचा हा पट्टा कुष्ठरोगाच्या कामाचाही पट्टा. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेनं मनोहरजी दिवाणांनी काम सुरू केलं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याच्या माळावर आनंदवन वसवलं. मुकुटबनहून वणीमार्गे वरोरा फार दूर नाही. या भागातून आनंदवनाची वाट धरणारे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या निघत आले. ऐंशीच्या दशकापासून बहुविध औषधोपचार आल्यावर रोग बरा होऊ लागला, आणि डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. पण औषधानं जंतू मरतात, मेलेली नस परत जिवंत होत नाही. रोगातून बरं होऊनही हात वाकडे राहिलेली माणसं आजही विदर्भाच्या गावागावांत आहेत.

त्या हाताचं नेमकं काय होतं? कोपराच्या आतल्या बाजूनं जाणारी अल्नर नस गेली की करंगळी आणि अनामिका आकड्यासारख्या वळतात. अंगठा तर्जनीकडे ओढून धरणारा स्नायूही याच नसेवर चालतो. म्हणून किल्ली धरण्याची चिमट ढिली पडते. मनगटातली मीडियन नसही गेली तर अंगठा बोटांसमोर येतच नाही. आणि या सगळ्याच्या वर बधिरता. डब्याच्या कडीला ज्या तीन गोष्टी लागतात, म्हणजे चिमट, अंगठा आणि बोटाच्या टोकाची जाणीव, नेमक्या त्याच हा रोग हिरावून घेतो.

बधिरतेबद्दल डॉ. पॉल ब्रँड एक प्रसंग सांगत. ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते. स्नायूबंध एका जागेवरून दुसऱ्या जागी जोडून कुष्ठरुग्णांची वळलेली बोटं सरळ करण्याची शस्त्रक्रिया त्यांनी रूढ केली. एकदा कोठीचं गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. एक कुष्ठरुग्ण मुलगा पुढे आला आणि त्यानं किल्ली झटक्यात फिरवली. ब्रँडना या ताकदीचं आश्चर्य वाटलं, आणि मग त्यांना जमिनीवर रक्त दिसलं. किल्लीनं मुलाचं बोट हाडापर्यंत चिरलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. आपण कुलपापाशी थांबतो ते दुखतं म्हणून. त्या मुलाला ‘थांब’ म्हणणारं कुणी नव्हतं. रसगुल्ल्याच्या टिनची कडी त्या किल्लीपेक्षा पातळ आहे.

म्हणूनच कुष्ठसेवेत शस्त्रक्रियेइतकंच महत्त्व मुठींना आलं. चमच्याला, कंगव्याला, विळ्याला जाड मूठ बसवायची. इपॉक्सीची माती रुग्णाच्या हातात दाबून, त्याच्या वळलेल्या बोटांचा ठसा घेऊन ती वाळवायची, म्हणजे ते हत्यार फक्त त्याच हाताचं होतं. जाड मुठीमागचा हिशोब साधा आहे. तोच जोर जितक्या मोठ्या जागेवर पसरेल तितका कातडीच्या एकेका बिंदूवर कमी येईल. आणि वस्तू चिमटीतून निघून मुठीत गेली की बारीक स्नायूंऐवजी दंडाचे मोठे स्नायू कामाला लागतात.

कडी उघडण्याचं हत्यार हेच करतं. समजा, फुगवट्यापासून आकडा २ सेंटिमीटरवर आहे आणि दांड्याचं टोक १२ सेंटिमीटरवर. मग दांडा दाबायला लागणारा जोर कडीला लागणाऱ्या जोराच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका. पहारीनं दगड हलवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण माझ्या मते त्याहून मोठा फायदा जागेचा आहे. बोट पत्र्यापासून दूर राहतं. वेचणीच्या बाईलाही तेच हवं, संधिवाताच्या आजीलाही तेच, आणि ज्याला बोटं आहेत पण जाणवत नाहीत त्यालाही तेच.

संधिवाताचं उदाहरण जगभर गाजलेलं आहे. अमेरिकेत सॅम फार्बरनं आपल्या पत्नीला, बेट्सीला, संधिवातामुळे भाजी सोलताना होणारा त्रास पाहिला आणि जाड, मऊ मुठीची सोलाणी काढली. १९९० मध्ये ‘ऑक्सो’ या नावानं ती बाजारात आली आणि धडधाकट माणसांनीच ती जास्त घेतली. अपंगांसाठी म्हणून वेगळ्या कपाटात ठेवली असती तर ती कदाचित तिथेच राहिली असती.

सरकारी मदतीत हाताची ही बाजू कायम पातळ राहिली आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची. तिच्यात काठ्या, वॉकर, चाकाची खुर्ची, कानाचं यंत्र, चष्मा, कवळी. पाय, कान, डोळे, दात, सगळ्यांची सोय. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या हातांची आठवण फारशी कुणाला आलेली दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं कुष्ठमुक्त व्यक्तींना २१ प्रकारांत जागा दिली, हे चांगलं झालं. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून पात्र ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये येतात. ते रुपये कशावर खर्चावेत याचा विचार होतो तेव्हा कंबरपट्टा आणि काठी डोळ्यांसमोर येतात. डबा-बाटली उघडण्याचं साधन त्या रांगेत उभं करायला काही हरकत नाही.

शिवाय ते विकत घ्यायलाच हवं असंही नाही. मुकुटबनसारख्या गावात वेल्डिंगचं दुकान असतंच. तीन-चार मिलिमीटर जाडीची, १४-१५ सेंटिमीटर लांबीची पट्टी, पुढचं टोक घासून चपटं करून किंचित वर वळवलेलं, आकड्याच्या मागे वेल्डिंगचा एक फुगवटा, आणि मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तीन-चार वेढे. घासलेल्या कडा मात्र काळजीनं गोल करून घ्यायच्या, नाहीतर कडीची धार चुकवून पट्टीची धार लागायची. बधिर हातासाठी ट्यूब आणखी जाड गुंडाळावी, आणि मुठीत एक पट्टा असा लावावा की हात सैल झाला तरी दांडा निसटू नये.

एवढं करूनही निम्मं काम उरतं. या हत्यारांतली बरीचशी पहिला टप्पा, तो ‘टक्’, सोपा करतात आणि दुसऱ्या टप्प्यावर माणसाला सोडून देतात. झाकण अर्ध्यावर अडतं, जोर लावावा लागतो आणि शेवटी ते अचानक सुटतं. पाक कपड्यांवर येतो, आणि सुटलेल्या झाकणाची धार कडीपेक्षा वाईट असते. यावर उपाय म्हणून चांगल्या बनावटीच्या हत्यारात आकडा कडीत पक्का अडकतो आणि दांड्याचं पोट गोलसर असतं. दांडा दाबून सोडून द्यायचा नाही. तो काठावरून मागे लोळवत न्यायचा. झाकण त्याच्याभोवती वळत, हळूहळू येतं, आणि मूठ शेवटपर्यंत पत्र्यापासून दूर राहते. वेल्डिंगवाल्याला सांगताना म्हणूनच फुगवटा टोकदार नको, सुपारीएवढा गोल हवा, हे बजावून सांगायचं. आणि पैसे शंभराच्या आत ठरवून घ्यायचे. त्यापुढे गेले तर मुकुटबनमध्ये चमच्याचा दांडाच चालू राहील.