समुद्रतळाचा मिथेन वर येत नाही, कारण त्याला तिथेच खाणारे बसलेत!

समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळात मिथेन सतत तयार होत असतो. हा वायू वातावरणात गेला तर २० वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता अडवतो. दिलासा एवढाच की, अंदाजानुसार त्यातला ९० टक्क्यांपर्यंतचा मिथेन पाण्यात येण्याआधी गाळातच संपतो. तेही ऑक्सिजन नसताना. हे घडतं कसं?

ऑक्सिजनशिवाय मिथेन 'जळतो' कसा?

मिथेन जळतो, म्हणजे ऑक्सिजन त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो. पण हे काम फक्त ऑक्सिजनलाच जमतं असं नाही. गाळात ते सल्फेट, नायट्रेट, लोह आणि मँगनीजही करतात. फक्त मिथेनचा रेणू फोडायला कुणीतरी लागतं, आणि तिथे सूक्ष्मजीव कामाला येतात.

दोघांची भागीदारी

२००० साली आंत्ये बोएटियस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्याजवळच्या 'हायड्रेट रिज' इथल्या गाळात सूक्ष्मजीवांचे गोळे दाखवून दिले. आत आर्किया, बाहेर जीवाणूंचं कवच. आर्किया मिथेन फोडतात. मिथेन बनवणारे आर्किया जी प्रक्रिया करतात, तीच हे उलट्या दिशेने चालवतात. सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या जीवाणूंकडे जातात आणि जीवाणू ते सल्फेटला देतात. हे इलेक्ट्रॉन थेट एका पेशीतून दुसरीकडे जातात, याचे पुरावे २०१५ मध्ये मिळाले.

यातून सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मिथेनमधला कार्बन बायकार्बोनेट होतो आणि त्यातला काही भाग कॅल्शियमशी जुळून चक्क चुनखडीसारखा दगड बनतो. काळ्या समुद्राच्या तळाशी अशा दगडाचे मनोरे उभे आहेत.

मग खनिजांचं काय?

२००९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या 'ईल रिव्हर बेसिन'मधल्या गाळावर प्रयोग झाले. सल्फेटऐवजी लोह किंवा मँगनीजची खनिजं दिली, तरी मिथेन संपत होता. वेग कमी होता, पण प्रत्येक रेणूमागे मिळू शकणारी ऊर्जा सल्फेटपेक्षा कितीतरी जास्त.

अडचण अशी की सल्फेट पाण्यात विरघळतं, तर गंजासारखं लोहखनिज घट्ट असतं. ते पेशीच्या आत घेता येत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनच बाहेर पोहोचवावे लागतात. मिथेनच्या एका रेणूतून आठ इलेक्ट्रॉन निघतात आणि ते घ्यायला लोहाचे आठ अणू लागतात. गोड्या पाण्यात सल्फेट कमी असल्याने तिथे लोह आणि नायट्रेटला जास्त महत्त्व येतं. नायट्रेट वापरणारे आर्किया लोहही वापरू शकतात, हे २०१६ मध्ये दिसून आलं.

आपल्याकडे याचा संबंध?

बंगालच्या उपसागरात कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या तळाशी २००६ च्या मोहिमेत मिथेन हायड्रेट, म्हणजे बर्फासारख्या रूपात अडकलेला मिथेन सापडला. त्याच किनाऱ्यावर गोदावरी नाशिकपासून दख्खनच्या काळ्या दगडांतलं लोह गाळासोबत नेऊन टाकते. म्हणजे मिथेन आणि लोह, दोन्ही तिथल्या गाळात आहेत.

यांच्यावर किती भरवसा ठेवायचा?

हे पहारेकरी फार सावकाश वाढतात. काही जीवाणूंची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होते, यांना काही महिने लागतात. मिथेन हळूहळू झिरपत असेल तर ते पुरे पडतात. बुडबुड्यांच्या रूपात जोरात निघाला, तर तो त्यांना हुलकावणी देऊन वर जातो. समुद्र तापून किंवा खोदकामामुळे तळ ढवळला गेला, तर उखडलेली वस्ती पुन्हा बसायला वर्षं लागू शकतात. मिथेन मात्र तोवर थांबणार नाही.