न सुटणारा क्यूब : दोष बुद्धीचा नव्हे, जोडणीचा

हंगेरीतील एर्नो रुबिक यांनी १९७४ साली रंगीत घनाचे कोडे घडवले. १९८२ साली बुडापेस्ट येथील पहिल्या जागतिक स्पर्धेत मिन थाय याने ते २२.९५ सेकंदांत सोडवून विजेतेपद मिळवले. अशा शर्यतीत हातांच्या चपळाईइतकीच क्यूबच्या अंतर्गत रचनेलाही किंमत असते. म्हणूनच अनेक खेळाडू सुट्या भागांचा संच घेऊन क्यूब स्वतः जोडतात.

संचात सहा बाजूंचा गाभा, सहा मध्यतुकडे, दोन रंगांचे बारा कडेचे तुकडे आणि तीन रंगांचे आठ कोपरे असतात. प्रत्येक मध्यतुकडा स्प्रिंग, वॉशर व स्क्रू यांच्या साहाय्याने गाभ्यावर बसतो आणि स्क्रूवर रंगीत टोपण येते. बहुतेक क्यूबमध्ये पांढऱ्यासमोर पिवळा, हिरव्यासमोर निळा आणि लालसमोर नारिंगी असतो. पांढरा वर व हिरवा समोर धरल्यास लाल उजवीकडे येतो.

खरी मेख पुढे आहे. तुकडे मनाला येईल तसे बसवले, तर क्यूब सुटण्याजोगा असण्याची शक्यता बारांत केवळ एक असते. एक कोपरा जागच्या जागी फिरलेला, एक कड उलटी किंवा दोनच तुकड्यांची अदलाबदल झालेली असली, तरी कितीही कौशल्य असले तरी कोडे सुटत नाही. त्यामुळे जोडणी नेहमी सुटलेल्या स्थितीतच करावी. आधी खालचा थर, नंतर मधल्या थराच्या चार कडा आणि शेवटी वरचा थर बसवावा. अखेरची कड उरली, की वरचा थर ४५ अंशांत वळवून ती हलकेच दाबून आत सारावी.

यानंतर ताण जुळवण्याचे काम येते. टोपण काढून सहाही स्क्रू सारखेच, एका वेळी पाव फेरा, फिरवावेत. घट्ट क्यूब बोटे थकवतो आणि थर किंचित तिरका राहिला तरी अडकतो. फार सैल क्यूबचे तुकडे निखळतात किंवा खेळताना कोपरा नकळत फिरतो. स्पर्धेत तुकडा निखळल्यास तो बसवून पुढे जाता येते. घड्याळ मात्र थांबत नाही. एक थर थोडा तिरका ठेवून त्याला छेदणारा थर वळवून पाहावा. तो सहज वळला आणि तुकडेही जागेवर राहिले, तर ताण योग्य समजावा.

शेवटी सिलिकॉनचे वंगण एक-दोन थेंबच घालावे. शिलाई यंत्राचे तेल टाळावे, कारण खनिज तेलाने प्लॅस्टिक खराब होऊ शकते.

घरातील मुलाचा क्यूब दरवेळी एकाच फिरलेल्या कोपऱ्यापाशी अडत असेल, तर त्याला बोल लावण्याआधी तो कोपरा सरळ करून पाहावा.