वाडा तोच, ओटा नवा

जुना वाडा म्हटलं की पाहुण्यांना झोपाळा आणि तुळशीवृंदावन दिसतं. आम्हा सुनांना आधी दिसतं ते अंधारं स्वयंपाकघर, आणि रात्री-अपरात्री परसदारी जाताना हातात धरलेली बॅटरी! म्हणूनच आमच्या वाईसारख्या गावांतून वाडे पाडून स्लॅबची घरं उभी राहिली. आमच्या घरीही तीच चर्चा सुरू झाली. सासूबाई म्हणत, "माजघराला हात लावायचा नाही." जाऊबाई म्हणत, "मग मला फ्लॅट बघून द्या." दोघींचंही खरंच होतं. शेवटी ठरलं, भिंती जुन्या आणि सोयी नव्या.

मैत्रिणींनो, त्यासाठी आधी वाडा समजून घ्यावा लागतो. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तिथे गेलं की कळतं, चौक नुसता शोभेचा नसतो. तापलेली हवा तिथून वर निघून जाते, खोल्यांत वारा खेळतो. उजेडही तिथूनच येतो. चौकावर पत्रे टाकले, की घर कोंदटलंच म्हणून समजा.

भिंतींचंही तसंच. माती-चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेरही टाकते. वर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आतच कोंडते. आमच्या एका खोलीत पूर्वी तसं केलेलं होतं, दर पावसाळ्यात पोपडे पडायचे. आता तिथे चुन्याचा गिलावा केलाय. ऑइलपेंट नाही, साधी सफेदी.

स्वयंपाकघर मागच्या एकमजली भागात आहे. छपरात चार काचेची कौलं बसवली आणि दिवसा दिवा लावणं थांबलं. ओटा विटांच्या स्वतंत्र पायांवर घेतला, भिंत फोडली नाही. कोनाड्यांत फळ्या टाकल्या, तिथे मसाल्यांचे डबे. वायरिंगही खाचा न पाडता वरून पट्टीतून नेलं.

संडास-बाथरूम मात्र माडीवर, कडीपाटावर करू नका. पाणी झिरपलं की लाकूड कुजतं. आम्ही ते मागच्या पडवीला लागून, वेगळ्या पायावर बांधलं. पावसात न भिजता जाता येतं. सासूबाईंसाठी कमोड आणि धरायला दांडी आहे. पाण्याची टाकीसुद्धा वेगळ्या लोखंडी स्टँडवर ठेवली, जुन्या लाकडावर भार नको.

आणि हो, कडीपाट फॉल्स सीलिंगने झाकू नका. वाळवी, गळती वेळीच दिसत नाही. काम काढण्याआधी इंजिनिअरकडून तुळया तपासून घ्या, विशेषतः भिंतीत गेलेली टोकं. ओल तिथे आधी धरते.

खर्च झाला, भांडणंही झाली. जाऊबाई अजून फ्लॅटच्या जाहिराती वाचतात, पण आता ओट्याशी उभं राहून! वाडा टिकवायचा असेल, तर त्यात दिवसभर राबणारीची सोय आधी बघावी. नाहीतर खांब सागवानी असून उपयोग काय?