शब्दकोडें कसें वाचावें?

रोज सकाळीं घरांत येणाऱ्या दैनिकाच्या एका कोपऱ्यांत काळ्या-पांढऱ्या घरांचें शब्दकोडें छापलेलें असतें. पुष्कळ कुटुंबांत त्याचें भवितव्य ठरलेलें आहे. कोणी तरी पेन्सिल घेऊन चार-सहा शब्द भरतो, एके ठिकाणीं अडतो, आणि 'आपला शब्दसंग्रह तोकडा' असा स्वतःवर शेरा मारून पान उलटतो. श्रोते हो, हा शेरा बहुधा अन्यायाचा असतो. कोड्यांत येणारे शब्द प्रायः आपल्या बोलण्यांतले आणि वाचण्यांतलेच असतात. अडतें तें शब्दांपाशीं नव्हे, तर शब्द सुचविण्याकरितां जो मजकूर दिलेला असतो तो वाचण्यापाशीं. या मजकुराला आपण येथें 'संकेत' म्हणूं. हा संकेत कसा वाचावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शब्दकोड्यांतील प्रत्येक उत्तराला दोन साक्षीदार असतात. एक साक्षीदार म्हणजे संकेत. तो अर्थाची साक्ष देतो. दुसरा साक्षीदार म्हणजे त्या उत्तराला छेदून जाणारा शब्द. तो अक्षराची साक्ष देतो. एकाच साक्षीवर निकाल देणारा न्यायाधीश चुकण्याचा संभव अधिक. कोडें सोडविणाऱ्याचीहि तीच गोष्ट आहे. आपल्या जुन्या उखाण्यांत व कूटप्रश्नांत पहिला साक्षीदार होता, दुसरा नव्हता. म्हणून उत्तर बरोबर कीं चूक हें उखाणा घालणाऱ्यालाच विचारावें लागे. शब्दकोड्यांत तें कोणास विचारावें लागत नाहीं. पडताळा कागदावरच मिळतो.

ही रचना फार जुनी नाहीं. २१ डिसेंबर १९१३ रोजीं 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणींत आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या पत्रकारानें असें पहिलें कोडें छापलें. त्याचा आकार आपल्या शंकरपाळ्यासारखा असून मध्यभाग पोकळ होता. विन यानें त्याला 'वर्ड-क्रॉस' असें नांव दिलें होतें. कांहीं आठवड्यांनीं छापतांना दोन पदांची अदलाबदल होऊन तें 'क्रॉस-वर्ड' झालें, आणि तेंच रूढ झालें. १९२४ सालीं अमेरिकेंत कोड्यांचें पहिलें पुस्तक निघालें, तें पेन्सिलीसह विकलें जाई. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' पत्रानें १९२५ सालीं व 'टाइम्स'नें १९३० सालीं कोडीं छापण्यास प्रारंभ केला. पुढें हा प्रकार आपल्याकडे आला, आणि मराठी दैनिकांत 'आडवे शब्द' व 'उभे शब्द' हीं दोन शीर्षकें घरोघर परिचित झालीं.

मराठींत येतांना मात्र कोड्याच्या घडणींत एक महत्त्वाचा फरक पडला. इंग्रजींत एका घरांत एक वर्ण बसतो. मराठींत एका घरांत एक पूर्ण अक्षर बसतें, त्याच्या काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व जोडाक्षरासह. 'फ्रीडम' या शब्दाला इंग्रजींत सात घरें लागतात. 'स्वातंत्र्य' हा शब्द 'स्वा', 'तं', 'त्र्य' असा तीन घरांत मावतो. इंग्रजी वर्ण अवघे सव्वीस. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, आणि शिवाय जोडाक्षरें! त्यामुळें दोन शब्दांत नेमकें एकच अक्षर सामाईक आणणें हें कोडें रचणाऱ्याला कठीण जातें. परंतु सोडविणाऱ्याच्या हातीं एक अक्षर लागलें, तर तें इंग्रजी कोड्यांतील एका वर्णापेक्षां कितीतरी अधिक सांगून जातें. शब्दांत कोठें तरी 'र' आहे, एवढें कळल्यानें विशेष लाभ होत नाहीं. तेथें 'रू' आहे असें कळलें म्हणजे बहुतेक वाटा आपोआप बंद होतात.

आतां एक लहानसें उदाहरण घेऊं. आडवा संकेत आहे 'पाणी', आणि घरें तीन. संस्कृतांतील अमरकोशानें आपल्याला समानार्थी शब्दांचें मोठें धन दिलें आहे, परंतु येथें तें धनच अडचणीचें होतें. उदक, सलिल, जीवन हे तिन्हीं शब्द तीन घरांचे आणि तिन्हींचा अर्थ पाणी. घाईचा मनुष्य आवडेल तो शब्द भरतो. विचारी मनुष्य थांबतो व छेद देणारे शब्द पाहतो. पहिल्या घरांतून खालीं जाणाऱ्या शब्दाचा संकेत आहे 'रसना', घरें दोन. रसना म्हणजे जीभ, किंवा जिव्हा. दोन्हीं दोन अक्षरी. म्हणजे आडव्या शब्दाचें पहिलें अक्षर दीर्घ 'जी' तरी असलें पाहिजे, नाहीं तर ऱ्हस्व 'जि'. ऱ्हस्व 'जि'नें आरंभ होणारा पाण्याचा शब्द आपल्याजवळ नाहीं. दीर्घ 'जी'चा आहे, तो 'जीवन'. तिसऱ्या घरांतून खालीं जाणारा संकेत आहे 'दृष्टि', घरें तीन. 'जीवन'च्या 'न'वरून 'नजर' हा शब्द सहज उतरतो. पहा, 'जीवन'नें 'जिव्हा'ला बाद केलें, 'जीभ'नें 'उदक' व 'सलिल' यांना बाद केलें, आणि 'नजर'नें दोघांवर शिक्कामोर्तब केलें. शुद्धलेखनांतील ऱ्हस्व-दीर्घ हा परीक्षकाचा छळ नसून अर्थाचा पहारेकरी आहे, हें वर्गांत तासन्‌तास सांगून पटत नाहीं तें येथें तीन शब्दांत पटतें.

संकेत वाचण्याचा दुसरा नियम व्याकरणाचा आहे. संकेत ज्या जातीचा, उत्तरहि त्याच जातीचें. संकेत नाम असेल तर उत्तर नाम, विशेषण असेल तर विशेषण. 'साहस' असा संकेत असेल तर उत्तर 'धाडस', आणि 'साहसी' असेल तर 'धाडसी'. दोन्हीं तीन घरांचीं. भेद केवळ शेवटच्या वेलांटीचा, परंतु तेवढ्यानें छेद देणारा शब्द बिघडतो. 'झोप' याचें उत्तर 'निद्रा' होईल. 'झोपला' याचें उत्तर 'निजला' असेंच हवें. संकेताचें लिंग, वचन, काळ हीं सारीं न्याहाळून पाहावींत.

मराठी दैनिकांतील पुष्कळसे संकेत असे सरळ समानार्थाचे, नाहीं तर म्हणीचे किंवा रिकाम्या जागेचे असतात. परंतु अधूनमधून एखादा संकेत लबाड असतो. ब्रिटिश दैनिकांत तर असल्या लबाड संकेतांचें स्वतंत्र शास्त्रच झालें आहे. त्याचें मर्म थोडक्यांत असें, कीं संकेताचे दोन भाग असतात. एका भागांत उत्तराचा अर्थ असतो, आणि तो बहुधा संकेताच्या आरंभीं किंवा शेवटीं येतो. उरलेल्या भागांत त्याच उत्तराची अक्षरें कशीं जुळवावीं याची कृति असते. दोन्हीं मिळून वाक्य मात्र भलत्याच गोष्टीचें वाटतें, आणि तेंच वाचणाऱ्याला भुलवितें.

मराठींत हे प्रकार कसे साधतात तें पहा. 'नदी उलटी वाहिल्यास गरीब', घरें दोन. येथें पाण्याचा विचार करणारा फसला. 'नदी' हीं दोन अक्षरें उलट वाचा. 'दीन' हा शब्द मिळतो, आणि दीन म्हणजे गरीब. दुसरा प्रकार जोडणीचा. 'रानापुढें मोहरी ठेवली कीं दाट झाडी', घरें चार. रान म्हणजे वन, मोहरी म्हणजे राई; एकापुढें एक ठेवा, 'वनराई' होते. तिसरा प्रकार लपविण्याचा. 'एक मळकट, पण आंत फूल', घरें तीन. 'एक मळकट' हे दोन शब्द सलग लिहा व मधलीं अक्षरें वाचा. 'कमळ' तेथें दडून बसलेलें आहे. चवथा प्रकार द्व्यर्थी शब्दाचा. 'गळ्यांत पडला तर सन्मान, पदरीं पडली तर अपमान', घरें दोन. उत्तर 'हार'. गळ्यांत पडतो तो फुलांचा हार, पदरीं पडते ती पराभवाची हार. 'पडला' व 'पडली' हा लिंगभेद ज्याच्या कानांनीं टिपला, त्याला निम्मा मार्ग तेथेंच सांपडला.

या चारहि संकेतांत वाचणाऱ्याला चकविलें आहे, परंतु फसविलेलें नाहीं. चकविणें आणि फसविणें यांतील अंतर हेंच या कलेचें नीतिशास्त्र होय. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' पत्रांत १९३९ पासून 'झिमेनीझ' या टोपणनांवानें कोडीं रचणारे डी. एस. मॅकनट हे पेशानें शिक्षक होते. १९६६ सालीं त्यांनीं या विषयावर ग्रंथ लिहून संकेताच्या सचोटीचा पुरस्कार केला. त्यांच्या मताचें सार असें, कीं अर्थ नेमका असावा, अक्षरांची कृति प्रामाणिक असावी, आणि संकेतांत निष्कारण शब्द नसावा. उत्तर सांपडल्यावर 'हेंच, दुसरें नाहीं' असें सोडविणाऱ्याला स्वतःशीं म्हणतां आलें, तर संकेत न्याय्य.

हा न्याय केवळ करमणुकीपुरता नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, जानेवारी १९४२ मध्यें, 'डेली टेलिग्राफ'नें आपलें कोडें बारा मिनिटांत सोडविण्याची एक स्पर्धा घेतली. तींत भाग घेणाऱ्या कांहीं जणांना पुढें ब्रिटिश सरकारनें ब्लेचली पार्क येथें शत्रूच्या गुप्त संदेशांची उकल करण्याच्या कामावर घेतलें. एका सरकारला शब्दकोड्यांत बुद्धीची परीक्षा दिसली ती अशी.

आपल्याकडे याच्या उलट घडलें. मुंबई व इतरत्र बक्षिसांच्या शब्दकोड्यांचें पेंव फुटलें होतें. प्रवेशमूल्य भरावें, चौकट भरून पाठवावी, आणि मोठ्या रकमेची वाट पाहावी. मुंबई सरकारनें १९४८ सालीं अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. १९५५ सालीं मध्यवर्ती कायदा झाला. त्यांत शब्दकोड्यांच्या स्पर्धांचा नांवानिशीं उल्लेख असून, महिन्याला १,००० रुपयांहून अधिक बक्षिसें देण्यास मनाई करण्यांत आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. एप्रिल १९५७ मध्यें न्यायालयानें निर्णय दिला, कीं जुगार हा घटनेनें संरक्षिलेला व्यापार नव्हे; परंतु ज्या स्पर्धेंत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतें, ती स्पर्धा जुगार नव्हे, व १९५५ चा कायदा तिला लागू नाहीं.

शब्दकोड्यांत बुद्धि पाहणारें तें सरकार आणि जुगार पाहणारें हें सरकार, यांतलें खरें कोणतें? माझ्या मतें दोन्हीं खरीं. कारण दोघांनीं पाहिलेलीं कोडीं भिन्न होतीं. बक्षिसांच्या कोड्यांतला संकेत कसा असे, याचा एक नमुना मी कल्पनेनें देतों. 'संकटकाळीं मनुष्याला हेंच खरें साह्य करतें', घरें दोन, दुसरें अक्षर 'न' दिलेलें, आणि पहिल्या अक्षराला छेद देणारा शब्दच नाहीं. उत्तर 'धन' कीं 'मन'? सावकाराला विचारा, तो 'धन' म्हणेल. कीर्तनकाराला विचारा, तो 'मन' म्हणेल. संकेत दोघांनाहि नकार देत नाहीं, आणि दुसरा साक्षीदार तर न्यायालयांत आलेलाच नाहीं. खरें उत्तर कोणतें? तर मोहोर करून आगाऊ ठेवलेल्या पाकिटांत जें असेल तें. असे आठ-दहा संकेत एकत्र आले, कीं सोडविणारा विचार करीत नसतो, कौल लावीत असतो. चौकट तीच, काळीं-पांढरीं घरें तींच; परंतु साक्षीदार काढून घेतला कीं कोड्याची सोडत होते.

शेवटीं घरीं कोडें सोडविण्याची रीत सांगतों. आरंभ रिकाम्या जागांपासून व म्हणींपासून करावा. 'नाचतां येईना' यापुढें 'अंगण' हें तीन घरांत निःशंक बसतें. अशा निश्चित शब्दांच्या आधारानें छेद देणाऱ्या शब्दांकडे वळावें. ज्या उत्तराला एकच साक्ष मिळाली असेल तें पुसट लिहावें, दोन मिळाल्यावर ठळक करावें. कोश जवळ असावा. दाते-कर्वे यांचा सात विभागांचा महाराष्ट्र शब्दकोश आजहि या कामीं अजोड आहे. परंतु कोशाचा उपयोग उत्तर शोधण्यापेक्षां उत्तर तपासण्याकडे करावा. हल्लीं खिशांतल्या फोनला विचारलें तर तो पाण्याचे पंचवीस शब्द क्षणांत सांगतो. त्यांतला कोणता येथें बसतो, हें ठरविणें मात्र आपल्याकडेच राहतें. आणि शक्य तर कोडें एकट्यानें सोडवूं नये. आजीला म्हणी ठाऊक असतात, नातवाला खेळाडू. सूनबाईंना एखादा वैद्यकांतला शब्द माहीत असतो. एका चौकटीभोंवतीं तीन पिढ्यांची भाषा एकत्र येते, असा प्रसंग आतां घरांत वारंवार येत नाहीं.

कोडें सुटलें म्हणजे कागद रद्दींत जातो. परंतु एक संवय मागें राहते. आवडलेलें उत्तर आणि सिद्ध झालेलें उत्तर हीं दोन निराळीं आहेत, हें ओळखण्याची ती संवय होय. ज्या दैनिकांत कोडें छापलेलें असतें, त्याच दैनिकांतील बातम्या वाचतांनाहि दुसरा साक्षीदार कोठें आहे, असें मनाशीं विचारून पाहावें. कोड्याखालीं 'उत्तर उद्यांच्या अंकीं' असें छापलेलें असतें; बातमीखालीं तसें कोणी छापीत नाहीं.