फाईल चढली, तरी साईट दिसेना

राज्य सरकारनं २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, खोडदची महादुर्बीण. शेजारच्या आंबेगावात डिंभ्याचं धरण आणि तिथून जवळच भीमाशंकर. घराला दोन खोल्या जोडून होम-स्टे काढणाऱ्याला किंवा शेतावर पाहुणे उतरवणाऱ्याला आता स्वतःची वेबसाईट हवी असते. ती बहुतेकदा घरातलंच कॉलेजला जाणारं पोरगं नाहीतर पोरगी बनवते. घरच्या कॉम्प्युटरवर पान झकास उघडतं. होस्टिंगवर चढवलं की फोटो गायब, मराठीच्या जागी भलतीच चिन्हं, नाहीतर नुसतंच ‘४०४’, म्हणजे पान सापडत नाही.

मग सगळे म्हणतात, ‘अपलोडच होत नाही.’ खरं तर बऱ्याचदा अपलोड झालेलं असतं. गडबड त्याच्या आधी झालेली असते, किंवा नंतर.

आधी अडलं कुठे ते पाहा

फाईल चार ठिकाणी अडू शकते: तुमच्या कॉम्प्युटरवर, वाटेत, सर्व्हरच्या फोल्डरमध्ये, किंवा पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये. हे ठरवल्याशिवाय काही बदलू नका. पुन्हा पुन्हा तीच फाईल चढवत बसण्यात दुपार जाते आणि हाती काही लागत नाही.

फाईली चढवायला फाईलझिला हा प्रोग्राम वापरत असाल तर डावीकडे तुमचा कॉम्प्युटर दिसतो आणि उजवीकडे सर्व्हर. दोन्हीकडे त्याच फाईलचा आकार वाचा. डावीकडे ४,८२,१३० बाइट आणि उजवीकडे शून्य असेल, तर फाईल वाटेत तुटली. दोन्हीकडे आकडा सारखा असूनही फोटो दिसत नसेल, तर अपलोडला दोष देऊ नका. बहुधा नाव किंवा जागा चुकली आहे. खाली अयशस्वी फाईलींचा वेगळा टॅब असतो. तिकडे सहसा कोणी बघत नाही, आणि उत्तर बऱ्याचदा तिथंच असतं.

आकड्यांचे संदेश

फाईल पाठवायच्या एफटीपी या पद्धतीत ५३० म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. ५५० म्हणजे ती फाईल किंवा फोल्डर सापडत नाही, नाहीतर तिथं लिहायची परवानगी नाही. ५५२ म्हणजे जागेची मर्यादा ओलांडली. लॉगिन होतं पण फाईलींची यादीच येत नाही, तेव्हा पॅसिव्ह मोड चालू आहे का ते पाहा. घरच्या राउटरमागून ॲक्टिव्ह मोड बहुधा अडतो.

ही आकडेवाली पद्धत जुनी आहे. फाईल पाठवण्याच्या या नियमांचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या अभय भूषण यांनी एमआयटीत असताना लिहिला. पण साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून होस्टिंग देत असेल तर तो झाकून नेणारं एसएफटीपीच घ्या. साध्या एफटीपीला पोर्ट २१ लागतं, एसएफटीपीला सहसा २२. एकाच्या जागी दुसरं टाकलं की जोडणी होत नाही. ब्राउझरच्या पट्टीत एफटीपीचा पत्ता टाका असं सांगणारे जुने धडे सोडून द्या. क्रोम आणि फायरफॉक्स, दोघांनीही ती सोय २०२१ मध्ये काढून टाकली.

जड फोटो, कच्ची रेंज

मोबाईलवर काढलेला शिवनेरीचा एक फोटो सहज ५ एमबीचा होतो. असे चाळीस फोटो एकदम निवडायचे आणि रेंज येत-जात असलेल्या दरीतल्या गावातून पाठवायचे, म्हणजे अर्ध्यावर तुटणारच. डाउनलोडचा वेग चांगला दिसला म्हणून फसू नका. अपलोडचा वेग त्याहून बराच कमी असतो.

फोटोची रुंदी १,२०० ते १,६०० पिक्सेलवर आणा. ५ एमबीचा फोटो मग दोन-तीनशे केबीत बसतो आणि पाहुण्याच्या मोबाईलवरही लवकर उघडतो. फाईलझिला एका वेळी दोन फाईली पाठवतं, ती संख्या एकवर आणा. वाट पाहण्याची मुदत २० सेकंद असते, ती वाढवा. तुटलेली फाईल पुन्हा पाठवताना ‘रिझ्यूम’ निवडलं, तर उरलेला भागच जातो.

वर्डप्रेसमधून चढवत असाल तर अडसर वेगळा. पीएचपीत एका फाईलची मूळ मर्यादा २ एमबी आणि एका वेळच्या एकूण मजकुराची ८ एमबी असते. होस्टिंगवाले ती बहुधा वाढवून देतात, पण नेहमी नाही. ‘४१३’ दिसलं तर सर्व्हरला फाईल फार मोठी वाटली एवढंच समजा. फुकटच्या गिटहब पेजेसवर ब्राउझरमधून एक फाईल २५ एमबीपर्यंतच चढते, आणि अख्खी साईट १ जीबीच्या आत ठेवावी लागते.

नावांचा घोळ

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. विंडोजला मोठी आणि छोटी इंग्रजी अक्षरं सारखीच वाटतात; होस्टिंगचा लिनक्स सर्व्हर मात्र त्यांना वेगळं धरतो. फोटोच्या नावात ‘शिवनेरी’चा एस मोठा आणि पानात लिहिताना छोटा, एवढ्यावर फोटो गायब होतो. कॅमेऱ्यातून आलेलं ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत असतं, तेही असंच चकवतं. घरी चालतं आणि साईटवर चालत नाही, याचं पहिलं कारण हेच तपासा.

दुसरं, विंडोज फाईलचं शेपूट लपवतं. नोटपॅडमध्ये ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ म्हणून सेव्ह केलेली फाईल प्रत्यक्षात कधी कधी ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’ निघते. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायचा पर्याय सुरू केला की भांडं फुटतं.

तिसरं मराठी नावांचं. नाणेघाटाच्या फोटोला देवनागरीत नाव दिलं तर त्यात न, काना, ण, मात्रा, घ, काना, ट अशी सात चिन्हं असतात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे ३ बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट ३ अक्षरांत लिहिला जातो. सात चिन्हांचा पत्ता ६३ अक्षरांचा होतो! चालतं, पण झिप उघडताना अशी नावं कधी कधी विस्कटतात आणि मग पानातली लिंक तुटते. पान मराठीत हवंच, त्यात तडजोड नको. फाईलींची नावं मात्र छोट्या इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता, मध्ये आडवी रेघ देऊन ठेवा.

मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं

दोन तऱ्हा आहेत आणि त्यांत मोठा फरक आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे. ब्राउझर तो चुकीच्या पद्धतीनं वाचतो आहे. पानाच्या वरच्या भागात कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ असल्याची ओळ टाका. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ निवडून सेव्ह करतानाच अक्षरं गेली. ती परत येत नाहीत. मूळ मजकूर पुन्हा आणावा लागतो. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरतं; जुन्या कॉम्प्युटरवर सावध राहा.

मजकूर डीटीपीवाल्याकडच्या पत्रकातून उचललेला असेल तर तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असू शकतो. फॉन्ट नसलेल्या मोबाईलवर तो अर्थहीन इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

फोल्डर, परवानग्या आणि जुनं पान

फाईली ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरच्या आतच हव्यात. झिप उघडली की बऱ्याचदा आत आणखी एक फोल्डर तयार होतो आणि मुखपृष्ठ त्यात दडतं. मग ‘४०३’ (परवानगी नाही) येतं किंवा होस्टिंगचं ‘लवकरच येत आहे’चं पान दिसतं. मुखपृष्ठाचं नाव ‘इंडेक्स’च ठेवा. फोटोच्या पत्त्यात ‘सी’ ड्राइव्ह आला असेल तर तो फोटो फक्त तुम्हालाच दिसणार.

परवानग्या फाईलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५. काहीच चालेना म्हणून सरसकट ७७७ करायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका. सर्व्हरवरच्या कुणालाही तिथं लिहायची मुभा मिळते.

सगळं बरोबर असून जुनंच पान दिसतं, तेव्हा कंट्रोल दाबून एफ-५ मारा, किंवा दुसऱ्याच्या मोबाईलवर वायफाय बंद करून पाहा. डोमेनचे नेमसर्व्हर नुकतेच बदलले असतील तर सगळीकडे नवा पत्ता पोहोचायला एक-दोन दिवस लागू शकतात.

होस्टिंगवाल्याला फोन करताना

‘साईट चालत नाही’ म्हटलं तर तो तुम्हाला पाच प्रश्न विचारील. त्यापेक्षा फाईलचं नाव, आकार, कोणत्या फोल्डरमध्ये टाकली, किती वाजता, आणि संदेशातले नेमके शब्द आधीच लिहून ठेवा. स्क्रीनशॉट असला तर उत्तम. फोन करण्याआधी साईटची अख्खी प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मदतीला येणाऱ्या मित्राला मुख्य पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. होस्टिंगच्या पॅनलमधून त्याला वेगळं एफटीपी खातं काढून द्या आणि काम झालं की ते बंद करा.