लष्करी वाहनांची रुंद पोलादी चाके
लष्करी वाहनांची रुंद पोलादी चाके : रस्ता सोडून वाळू, चिखल, बर्फ किंवा नांगरलेली जमीन यांवरून जाणाऱ्या लष्करी वाहनाला मूळ चाकांऐवजी बसविलेली, अधिक रुंद रिमची, बहुधा मुद्दाम घडवून घेतलेली चाके. मऊ जमिनीत वाहन रुतू नये, हा ती बसविण्याचा मुख्य हेतू असतो. तथापि चाकाची रुंदी वाढली, की आसाचे धारवे, सुकाणू यंत्रणा, ब्रेक व दंतचक्रे या सर्वांवरील भार बदलतो. त्यामुळे हा बदल एकट्या चाकापुरता राहत नाही आणि तो करताना वाहनाच्या संपूर्ण अधोभागाचा विचार करावा लागतो.

मूळ चाक : दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी जीप हे या प्रकारच्या वाहनाचे सर्वांत परिचित उदाहरण होय. १९४१–४५ या काळात विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. रिकाम्या गाडीचे वजन सु. १,१०० किग्रॅ. असून डाव्या व उजव्या चाकांच्या मध्यरेषांमधील अंतर ४९ इंच (सु. १२४ सेंमी.) होते. टायर ६.००–१६ या मापाचे, म्हणजे सु. ६ इंच रुंदीचे व १६ इंच व्यासाच्या रिमवर बसणारे असत. युद्धकाळातील खास रिम ४.५ इंच रुंदीची व दोन भाग बोल्टांनी जोडून केलेली होती. तिच्या आतील कडे टायरच्या दोन्ही तारयुक्त कडा जागच्या जागी दाबून धरी. त्यामुळे गोळी लागून हवा गेली, तरी टायर रिमवरून न निघता गाडी काही अंतर चालविता येई. चाक पाच बोल्टांनी तुंब्याला जोडलेले असे व त्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास ५.५ इंच होता.

लष्करी चाकांसाठी पोलाद सोयीचे ठरते. दगडावर आपटल्यास पोलादी रिम बहुधा तडकत नाही, वाकते व ठोकून सरळ करता येते. तिचे वितळजोडकामही साध्या कर्मशाळेत होऊ शकते. ॲल्युमिनियमाच्या ओतीव चाकांपेक्षा ती जड असते, हा तिचा दोष आहे.

रुंदी व जमिनीवरील दाब : रुंद टायर जमिनीवर अधिक क्षेत्रफळावर टेकतो म्हणून गाडी रुतत नाही, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती अर्धीच बरोबर आहे. टायरच्या भिंतींचा ताठरपणा सोडून दिल्यास टेकलेले क्षेत्रफळ हे चाकावरील भार व आतील हवेचा दाब यांच्या भागाकाराइतके असते. चालक व सामान धरून १,४०० किग्रॅ. वजनाच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर सरासरी ३५० किग्रॅ. भार येतो. हवेचा दाब दर चौ. सेंमी.ला २ किग्रॅ. असल्यास टेकलेले क्षेत्रफळ सु. १७५ चौ. सेंमी. होते, दाब १ किग्रॅ. केल्यास ते ३५० चौ. सेंमी. होते. दाब कायम ठेवून टायर नुसता रुंद केला, तर टेकलेल्या भागाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. रुंद टायरमध्ये हवेचे घनफळ अधिक असल्याने तोच भार तो कमी दाबावर पेलू शकतो. त्याचा खरा लाभ हा आहे. याच तत्त्वावर १९४२ मध्ये पुढे आलेल्या डीयूकेडब्ल्यू या अमेरिकी उभयचर वाहनात चालकाला आपल्या जागेवरून टायरांतील दाब कमीजास्त करण्याची सोय केलेली होती.

कमी दाबालाही मर्यादा आहेत. दाब फार उतरल्यास वळणावर टायरची कड रिमच्या बैठकीवरून निसटते आणि पक्क्या रस्त्यावर वेगाने गेल्यास टायरच्या भिंती वारंवार दुमडून तापतात. म्हणून मऊ जमीन ओलांडल्यावर पुन्हा हवा भरणे आवश्यक असते. शिवाय रुंद चाक सर्वत्र उपयोगी पडत नाही. कोरड्या वाळूत व बर्फावर ते तरते. पण पातळ चिखलाच्या थराखाली कठीण जमीन असेल, तर अरुंद चाक थर कापून तिच्यापर्यंत पोहोचते व अधिक चांगली पकड घेते.

घडण : रुंद चाक तीन रीतींनी करतात. पहिलीत मूळ चाकाची मधली चकती काढून ती बाजारात मिळणाऱ्या रुंद रिममध्ये वितळजोडाने बसवितात. दुसरीत नवी चकती कापून, भोके पाडून रिमला जोडतात. तिसरीत रिम परिघाने कापून दोन भागांच्या मध्ये पोलादी पट्टी जोडतात. तिसऱ्या रीतीत दोन पूर्ण गोल जोड हवाबंद राहावे लागतात व चाक सरळ राखणे अवघड जाते. जोडताना पोलाद तापून ओढले जात असल्याने प्रथम ठिकठिकाणी टाके घालून चाक फिरवून पाहतात व मगच आमनेसामनेच्या भागांत आळीपाळीने जोड पुरा करतात. शेवटी रिमचा उभा व आडवा डगमग मोजतात आणि साबणाच्या पाण्याने गळती तपासतात.

रिम व टायर यांची मापे जुळणे अपरिहार्य आहे. प्रत्येक टायरला चालणाऱ्या रिमच्या रुंदीच्या मर्यादा ठरलेल्या असतात, उदा., ३१×१०.५० आर १५ हा टायर ७ ते ९ इंच रुंदीच्या रिमसाठी असतो. व्यासातील अर्ध्या इंचाचा फरकही घातक ठरतो. १६ इंची टायर १६.५ इंची रिमवर चढविण्याचा प्रयत्न केल्यास हवा भरताना त्याची कड तुटून स्फोट होतो. दोन भागांच्या युद्धकालीन रिमचे जोडबोल्ट टायरमध्ये हवा असताना सैल केल्यास रिमचा बाहेरचा भाग तोफगोळ्यासारखा उडतो. म्हणून प्रथम झडपेची सुई काढून सर्व हवा जाऊ देणे हा अशा चाकाच्या कामाचा पहिला नियम आहे.

ऑफसेट व त्याचे परिणाम : चकती तुंब्याला जेथे टेकते ते प्रतल आणि रिमचे मध्यप्रतल यांतील अंतराला ऑफसेट म्हणतात. ४.५ इंची रिमच्या जागी ७ इंची रिम घेतल्यास रुंदी २.५ इंच, म्हणजे ६३.५ मिमी. वाढते. ही वाढ दोन्ही बाजूंस समान वाटल्यास मध्यप्रतल हलत नाही. परंतु रिमची आतली कड जवळजवळ ३२ मिमी. आत सरकते व वळताना टायर कमानीच्या पाट्यांना किंवा सुकाणूच्या दांड्याला घासू शकतो. सर्व वाढ बाहेरच्या बाजूस घेतल्यास ही अडचण टळते, पण मध्यप्रतल तेवढेच बाहेर जाते. ३५० किग्रॅ. भार ३२ मिमी. बाहेर सरकल्याने तुंब्याच्या धारव्यांवर सु. ११ किग्रॅ.–मी. जादा नमनभार येतो आणि खड्ड्यात आदळताना तो कैक पटींनी वाढतो. त्यामुळे धारवे लवकर झिजतात. चाक बाहेर सरकविण्यासाठी मध्ये जाड कडी घातल्यासही हाच परिणाम होतो.

पुढील चाक ज्या खिळीभोवती वळते, तिचा अक्ष जमिनीला जेथे मिळतो तो बिंदू आणि टायरचा मध्य यांतील अंतरही वाढते. परिणामी दगडाचा धक्का थेट चालकाच्या हातापर्यंत येतो, उभ्या गाडीचे चाक वळविणे जड जाते व एका बाजूचा ब्रेक जास्त लागल्यास गाडी त्या बाजूस ओढली जाते. चाकांमधील अंतर वाढल्याने उतारावरील स्थैर्य थोडे सुधारते, हा मात्र फायदा आहे.

नवीन टायरचा व्यास ७२ ऐवजी ७८ सेंमी. झाल्यास प्रत्येक फेऱ्यात गाडी सु. ८ टक्के अधिक अंतर जाते. वेगमापक ताशी ५० किमी. दाखवीत असता खरा वेग ५४ किमी. असतो, चढावर एंजिनाचा जोर अपुरा पडतो व ब्रेकचा प्रभाव कमी होतो.

बसविणे : तुंब्याचा पुढे आलेला भाग चकतीच्या मध्यछिद्रातून सहज जाणे आणि नटांचा शंक्वाकार भाग भोकांच्या खोबणीत पूर्ण टेकणे आवश्यक असते. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळतात व सु. १०० किमी. चालल्यावर पुन्हा तपासतात. महायुद्धकालीन जीपच्या डाव्या बाजूच्या बोल्टांना डावे आटे असतात. हे न जाणता जोर लावल्यास बोल्ट तुटतो. सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत वळवून व कमानी पूर्ण दाबून टायर कोठे घासत नाही ना, हे पाहिल्यावरच गाडी रस्त्यावर आणतात.

भारतातील स्थिती : मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जीपच्या जुळणीस आरंभ केला. तिच्या जीपगाड्या व जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून बनविलेली जोंगा ही वाहने भारतीय सेनेने दीर्घकाळ वापरली. सेनेतून निघालेली अशी अनेक वाहने पुढे खाजगी मालकांकडे आली व त्यांत चाकांचे बदल होऊ लागले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्यामुळे असा बदल करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे विचारणा करणे इष्ट असते. वाहन क्वचितच मऊ जमिनीवर जाणार असेल, तर मूळ चाके कायम ठेवून टायरांतील दाब तात्पुरता कमी करणे आणि हवा भरण्याचा पंप सोबत बाळगणे हा अधिक सुरक्षित व कमी खर्चाचा उपाय होय.